चाळीस फुटांचा टॉवर आणि काळी माती

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गाव सांगताना माणूस आधी 'घाटावर' की 'घाटाखाली' ते सांगतो. टॉवर उभारायचा तर पहिला प्रश्न तोच. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास; तिथं थोडं खणलं की बऱ्याच ठिकाणी मुरूम लागतो. खाली नांदुरा-मलकापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यात मात्र काळी माती. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच फुगते. अशा मातीत वरवर रोवलेला खांब पहिल्याच पावसाळ्यात कलतो.

नांदुऱ्याजवळच्या एका गावात माझ्या मावसभावाच्या परसात ४० फुटी टॉवर उभा राहिला, तेव्हा मी दोर धरायला होतो. भाऊ हॅम रेडिओवाला. परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घेतलेला.

जागा आधी गल्लीच्या बाजूला ठरली होती. मीच अडून बसलो. लहानपणी टीव्हीचा अँटेना चढवताना पाइप हातातून सुटला आणि विजेच्या तारेपासून वीतभर अंतरावरून खाली आला, ते मी पाहिलेलं आहे. त्या दिवशी पाइप धरणारे दोघं कितीतरी वेळ ओट्यावर नुसते बसून होते. म्हणून टेप घेऊन मोजलं. टॉवर आडवा पडला तरी तारेला शिवता कामा नये, आणि वर निम्मी उंची जास्तीची सोडायची. म्हणजे ६० फूट. गोठ्यामागची जागा ६२ भरली. बैलगाडी हलवावी लागली, पण ती जागा पक्की केली.

खड्डा भेगा संपतात त्याच्या खालपर्यंत नेला, बाजूंनी मुरूम ठोकून भरला आणि मधे सळईचं काँक्रीट ओतलं. भावाला दुसऱ्याच दिवशी टॉवर चढवायचा होता. मिस्त्री म्हणाले, "काहून घाई करता भाऊ? सिमेंटले पाणी तं पिऊ द्या." आठ दिवस सकाळ-संध्याकाळ गोणपाटावर पाणी मारलं. पुरी ताकद यायला २८ दिवस लागतात, म्हणून टॉवर महिनाभरानं चढवायचा ठरला.

त्या महिन्यात तणाव्यांचं, म्हणजे टॉवरला ताणून धरणाऱ्या तारांचं काम झालं. तीन दिशांना, बुंध्यापासून ३० फुटांवर. तारेचं टोक लोखंडी कडीतून वळवून यू-क्लिपांनी आवळायचं असतं, आणि इथं हमखास चूक होते. क्लिपेचा खोगिरासारखा भाग ताण घेणाऱ्या लांब तारेवर बसला पाहिजे. यू-बोल्ट कापलेल्या आखूड टोकावर. उलट बसवली तर बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चेमटतो आणि तार तिथंच कमजोर होते. मिस्त्रींनी प्रत्येक गाठीला तीन क्लिपा लावल्या. त्यातली एक मी उलटी लावली होती, ती त्यांनी न बोलता सोडवून फिरवली.

चढवायचा दिवस उजाडला तेव्हा सहाच वाजले होते. वारा उठायच्या आत काम आटोपायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पायथ्याशी बिजागरी, टॉवर जमिनीवर आडवा, बुंध्याशी काटकोनात दहा फुटी आधाराचा खांब आणि त्याच्या टोकावरून ओढायचा दोर. सुरुवातीला जोर सगळ्यात जास्त लागतो. आधाराच्या खांबामुळे दोराला उंची मिळते आणि टॉवर जमीन सोडतो. दोन बाजूंचे तणावे आधीच बांधलेले, म्हणून तो डावीउजवीकडे झुकत नव्हता. हुकूम एकट्या मिस्त्रींचा. पोरंबाळं घरात आणि टॉवरखाली कोणीही नाही.

खरी भीती शेवटी. टॉवर उभा होत आला की ओढायला काहीच लागत नाही, उलट तो स्वतःच पुढच्या बाजूला धावू पाहतो. मागचा दोर माझ्याकडे होता. खुंट्याला दोन वेढे मारून मी तो बोटाबोटानं सोडत होतो. तळहात भाजून निघाले. टॉवर सरळ बसला, बोल्ट आवळले, टर्नबकल आपोआप फिरू नयेत म्हणून त्यांच्यातून तारेचा तुकडा ओवला. मग कुठं मिस्त्री पट्टे चढवून वर गेले. दोन हुकांपैकी एक कायम अडकलेला. दुसरा पुढे लावल्याशिवाय पहिला सुटत नव्हता.

अर्थिंगचं मी चारदा सांगितलं असेल. टॉवरचं अर्थिंग वेगळं ठेवून चालत नाही, ते घराच्या अर्थिंगला जोडावंच लागतं. नाहीतर जवळ वीज पडली की दोन्हींमधला विद्युतदाबाचा फरक रेडिओतून, कदाचित माणसातून वाट काढतो. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात क्षारांमुळे अर्थिंग छान लागतं, पण त्याच क्षारांनी लोखंडी पट्टी खाल्ली जाते. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी खड्डा उकरून जोड पाहायचा.

इतकं करूनही, वळवाचं आभाळ गडगडायच्या आत, मोबाइलवर पुण्याच्या हवामान संस्थेच्या 'दामिनी' ॲपचा इशारा आला की वहिनी आधी रेडिओची केबल काढतात, खिडकीबाहेर ठेवतात आणि मग वाळत घातलेले कपडे आणायला जातात.