तासावर मोजलेली विद्या



घरांतील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत जाऊं लागली म्हणजे आपण फी विचारतों, वसतिगृह पाहतों, निकालाची चौकशी करतों. वर्गांत उभें राहून शिकविणाऱ्याला काय मिळतें, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आज तो विचारण्याजोगा झाला आहे. कारण या शिकविणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण पगारावर नाहींत, तासावर आहेत.

सरकारी भाषेंत त्यांस ‘तासिका तत्त्वावरील अध्यापक’ म्हणतात, बोलण्यांत ‘सी. एच. बी.’ हीं तीन इंग्रजी अक्षरें रूढ आहेत. कायम प्राध्यापक निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाहीं, कीं त्याचे तास अशा अध्यापकांस वांटून दिले जातात. ही मूळची तात्पुरती सोय. परंतु जागा भरण्याचें काम वर्षानुवर्षें लांबत गेलें. २०२० च्या मे महिन्यांत तर राज्याच्या वित्त विभागानें नवी भरतीच थांबविली. पुढें कांहीं जागांस परवानगी मिळाली खरी. पण तोंवर सोयीची वहिवाट होऊन बसली होती.

आतां थोडा हिशेब करूं. मास्तराला खडू हातीं घेतल्यावांचून बोलतां येत नाहीं, त्यास इलाज नाहीं. २०१८ सालीं पदवीच्या वर्गाला तासामागें ५०० रुपये दर होता. तो वाढून ९०० झाला. नऊशें रुपये तास, हें ऐकावयास बरें वाटतें. पण अशा अध्यापकाला आठवड्यास साधारणतः नऊ तासिकांचीच मर्यादा असते, आणि अध्यापनाचे आठवडे वर्षांत तीसच्या सुमारास. नऊ गुणिले तीस गुणिले नऊशें, म्हणजे २ लाख ४३ हजार. बारा महिन्यांवर वांटले तर महिना सवावीस हजार. सुट्टी पडली, परीक्षा आली, मोर्चामुळें वर्ग बुडाला, कीं त्यांतूनहि वजावट. त्याच पदवीच्या कायम सहायक प्राध्यापकाचें आरंभींचें मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, आणि भत्ते निराळे.

कोणी म्हणेल, तास कमी म्हणून पैसे कमी. यांत अन्याय कोणता? खरी गोम येथेंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणें कायम सहायक प्राध्यापकानेंहि आठवड्याला सोळाच तास प्रत्यक्ष शिकवावयाचें असतें. त्याचा आठवडा मात्र चाळीस तासांचा मानला जातो. वाचन, टिपणें, प्रयोगाची मांडामांड, विद्यार्थ्याची शंका, अंतर्गत परीक्षेचे कागद, हें सारें त्या चाळिसांत येतें व त्याचें वेतन मिळतें. तासिकेवरच्या अध्यापकासहि हें सर्व करावेंच लागतें. परंतु त्याच्या बिलांत घंटेपासून घंटेपर्यंतचा काळ तेवढा लिहिला जातो. नवा विषय प्रथमच शिकवावयाचा असला तर एका तासामागें दोन-तीन तास घरीं बसावें लागतें, हें ज्यानें कधीं मन लावून शिकविलें आहे त्यास सांगावयास नको. तास मोजला जातो, काम मोजलें जात नाहीं.

शिवाय हें बिल महाविद्यालयाकडून उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयांत जावयाचें, मंजूर व्हावयाचें, मग पैसे यावयाचे. त्यांत कित्येक महिने जातात. तोंवर वाण्याला काय सांगावें? मग शिकवण्या आल्या, शेती आली, दुसऱ्या गांवचें महाविद्यालय आलें. आपला जिल्हा क्षेत्रफळानें राज्यांत सर्वांत मोठा. सकाळीं नगरास तास आणि दुपारीं पाथर्डीस, अशी धांवपळ केली तर निम्मा दिवस एस. टी. मध्येंच जावयाचा. (१ जून १९४८ रोजीं एस. टी. ची पहिली गाडी धांवली ती नगर-पुणें रस्त्यावरच. प्रवासाचा मान आपल्याकडे जुनाच आहे.) अशा माणसाला तास संपल्यावर शंका विचारावयास विद्यार्थी थांबला, तरी गुरुजींची गाडी थांबत नाहीं. नुकसान कोणाचें, तें पालकांनींच ठरवावें.

यावर ‘विद्यादान हें व्रत आहे’ असें एक ठरीव उत्तर मिळतें. गोपाळ कृष्ण गोखले पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षें राबले, असा दाखलाहि देतात. दाखला खरा आहे. पण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होते. संस्थेचा कारभार त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातीं होता. तें व्रत त्यांनीं आपखुशीनें घेतलें. दर जूनमध्यें ‘यंदा घेणार कां?’ म्हणून विचारीत फिरणाऱ्याच्या माथीं लादलेल्या गरिबीला व्रत म्हणणें मला तरी जड जातें. मी स्वतः मॅट्रिक झालेला शाळामास्तर. मला दरमहा निवृत्तिवेतन येतें. सेट-नेट उत्तीर्ण होऊन डॉक्टरेट मिळविलेल्या चाळिशींतल्या माणसाला पुढच्या वर्षाची खात्री नाहीं, हें गणित मला सुटत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या ऑगस्टमध्यें गुजरातेंतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणीं समान कामास समान वेतन या तत्त्वावर निकाल दिला, व अल्प वेतनाबद्दल कडक शब्दांत नापसंती दाखविली. तत्पूर्वीं, जानेवारी २०१९ मध्येंच, अनुदान आयोगानें पाहुण्या अध्यापकांसाठीं तासाला १,५०० रुपये व महिन्यास कमाल ५०,००० असा दर सुचविलेला आहे. आपला नऊशेंचा आंकडा त्याच्या शेजारीं मांडून पाहावा.

येत्या जूनमध्यें मुलांचा प्रवेश घेतांना कार्यालयांत एवढें अवश्य विचारा: या विषयाला कायम अध्यापक किती, तासावरचे किती, आणि त्यांस मागील मानधन पोंचलें आहे काय?