लॅपटॉपला सीटबेल्ट कोण लावणार?

रात्री ११:५९ची डेडलाइन, पुण्याहून मुंबईला निघालेली शेअर कॅब, मागच्या सीटवर तिघांत मधली जागा आणि मांडीवर उघडा लॅपटॉप. हे चित्र ओळखीचं वाटलं ना? फोनच्या हॉटस्पॉटवर पीपीटी अपलोड करायची, बोगदा आला की रेंज जाणार म्हणून देवाचा धावा करायचा. अशा सबमिशनच्या कथा आपल्याकडे प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतात. आपण गाडीत बसलो की (निदान पुढे तरी) बेल्ट लावतो, फोनलाही दोनशे रुपयांचा होल्डर घेतो. पन्नास-साठ हजारांचा लॅपटॉप मात्र मांडीच्या भरवशावर!

आपल्यासाठी हा एखाद्या रात्रीचा मामला असतो. काही जणांचं मात्र रोजचं ऑफिसच गाडीत असतं. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचं टेस्टिंग करणारे इंजिनीअर लॅपटॉप गाडीच्या ओबीडी पोर्टला जोडून घाट चढतात-उतरतात, इंजिनाचा डेटा चालत्या गाडीत बघतात. दुसरी जमात ड्राइव्ह टेस्टवाल्यांची. तुमच्या फोनला कुठे रेंज मिळते, कुठे कॉल तुटतो, एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना काय होतं, हे मोजायला हे लोक गाडीत चार-पाच फोन, छपरावर मॅग्नेटनं चिकटवलेला जीपीएस आणि हे सगळं यूएसबीनं जोडलेला लॅपटॉप घेऊन दिवसभर गल्लीबोळ फिरतात. टेलिकॉम कंपन्या हे करतातच, ट्रायसुद्धा शहराशहरांत अशा टेस्ट करून घेतं आणि त्याचे अहवाल जाहीर करतं. ईअँडटीसीच्या कितीतरी पोरापोरींची पहिली नोकरी ही असते.

आमच्या कॉलेजची एक सीनियर असंच काम करते. तिच्या गाडीत लॅपटॉपची अधिकृत जागा म्हणजे तिची मांडी, उशीसकट. उशी कशाला? तर खालून चटका बसतो म्हणून. एकदा एका रंग न मारलेल्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, लॅपटॉप पायाशी गेला, डोंगल वाकला आणि दोन तासांची लॉग फाइल करप्ट. सगळा रूट पुन्हा मारावा लागला. हे ती हसत हसत सांगते. पण ती बसते ड्रायव्हरच्या शेजारी, एअरबॅगच्या बरोब्बर समोर. मला हसू आलं नाही ते त्यामुळे.

का, ते अकरावीच्या फिजिक्सनं बघू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. गाडी धडकून थांबली तरी आतल्या सुट्या वस्तूंना ते कुणी सांगितलेलं नसतं, त्या त्याच वेगानं पुढे जात राहतात. त्या वेगातला लॅपटॉप एखाद्यावर आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून टाकलेला लॅपटॉप डोक्यात पडणं. समजा, धडकेत गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर दोन किलोचा लॅपटॉप जागेवर धरून ठेवायला सरासरी २८-३० किलोची ओढ सोसावी लागते, क्षणभर त्याहूनही जास्त. ‘मी घट्ट धरीन’ म्हणणाऱ्यांनी घरातलं गॅसचं भरलेलं सिलिंडर आठवावं. ते साधारण तेवढंच जड असतं. बघा धरता येतंय का एका झटक्यात.

पुढच्या सीटचं गणित आणखी वाईट आहे. आपल्याकडे नव्या गाड्यांत २०१९पासून ड्रायव्हरसमोर आणि २०२१पासून शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग सक्तीची झाली. ही चांगलीच गोष्ट. फक्त एअरबॅग हळूच फुगणारा फुगा नाही. पापणी लवायच्या आत, ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगानं ती बाहेर येते. तिच्या आणि तुमच्या छातीच्या मध्ये उघडा लॅपटॉप असेल, तर वाचवायला आलेली पिशवीच त्याची कड तुमच्या बरगडीत घालणार. म्हणून पहिला नियम स्टँड विकत घेण्याच्याही आधीचा: एअरबॅग जिथे फुगते, तिथे काहीही नको. मांडीवर नको, डॅशबोर्डवर चिकटवलेलं तर नकोच.

मग ठेवायचा कुठे? अमेरिकेत पोलिसांच्या गाड्यांत वर्षानुवर्षं लॅपटॉप बसवलेले असतात. सिनेमात तुम्ही ते बघितलंही असेल. तिथली युक्ती साधी आहे. गाडीत नवं भोक पाडायचं नाही. पुढची सीट ज्या बोल्टांनी फ्लोअरला कसलेली असते, त्याच बोल्टांखाली एक लोखंडी पट्टी अडकवायची, तिच्यावर उभा दांडा आणि दांड्यावर ट्रे. सीट माणसाचं वजन धडकेत धरून ठेवायला बनवलेली असते, तिच्या बोल्टांपुढे लॅपटॉप म्हणजे किस झाड की पत्ती. अशी स्टँड आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात आणि चांगला फॅब्रिकेटर तशी पट्टी करूनही देतो.

दांडा जितका लांब तितकी थरथर जास्त, त्यामुळे आखूड बरा. तरी ट्रे डुलतच असेल, तर एक आडवा टेकू देऊन घ्यावा. ट्रेला लॅपटॉप चारही बाजूंनी पकडणारे क्लिप हवेत, नुसती खाच पुरत नाही. स्क्रीनलाही मागून आधार असला तर उत्तम, नाहीतर खड्ड्यांत बिजागरी सैल होते. आणि सगळं बसवल्यावर ट्रे हातानं जोर लावून ओढायचा, पुढे, मागे, बाजूला. तुमच्या हातानंच तो हलला, तर पुढचं बोलायला नको.

इथे एक भीतीही घालून ठेवते. सीटचे बोल्ट स्वतः पान्यानं खोलायला जाऊ नका. ते ठरावीक टॉर्कनं कसावे लागतात. शिवाय अनेक गाड्यांत सीटखाली वायरी असतात. त्यात पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगच्या यंत्रणेचा असतो, त्याला हात लावायचा नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या.

बाकी जुगाडांचं काय? काचेला चिकटणारा सक्शन कप दोनशे ग्रॅमच्या फोनसाठी ठीक आहे. उन्हात रबर तापलं की तो फोनही सोडतो, मग लॅपटॉप कसला धरणार! बाइकवर सामान बांधायचे लवचिक हूकवाले दोर वापरणारेही बघितलेत मी. ते झटक्यात ताणले जातात, म्हणजे नेमकं नको तेव्हा सैल. त्यापेक्षा न ताणणारा, बकलवाला पट्टा घ्यावा. स्टीअरिंगला अडकवायचा ट्रे मिळतो, तो फक्त गाडी बंद करून डबा खाण्यापुरता किंवा मेल टाकण्यापुरता. आणि लॅपटॉप कुठेही बसवा, स्क्रीनचं तोंड ड्रायव्हरकडे नको, गिअरच्या आड नको, काचेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या मध्येही नको. चालवणाऱ्यानं लॅपटॉपवर ‘जस्ट एक मिनिट’ काही बघणं, याच्यावर चर्चाच नाही.

आपल्यासारख्या कधीमधी कॅबनं जाणाऱ्यांना अर्थातच स्टँड बसवता येणार नाही. आपल्यापुरतं एवढंच की काम संपलं की लॅपटॉप मिटून बॅगेत आणि बॅग पुढच्या सीटच्या मागे, खाली पायाशी. खाली ठेवलेली वस्तू उडायला जागा नसते. सर्वांत वाईट जागा म्हणजे मागच्या काचेखालची फळी. सगळे तिथेच बॅगा टाकतात आणि ती बरोब्बर डोक्याच्या उंचीवर असते. शेजारची सीट रिकामी असेल, तर बॅगेच्या पट्ट्यातून सीटबेल्ट ओवून बकल लावता येतो. ड्रायव्हरकाका विचित्र बघतील, बघू देत. तुमचा स्वतःचा बेल्ट मागेही हवाच. सायरस मिस्त्रींचा २०२२चा पालघरजवळचा अपघात आठवत असेल. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते.

चार्जिंगबद्दल थोडंसं, कारण हा प्रश्न हमखास येतो. गाडीतला साधा यूएसबी पोर्ट दहा-बारा वॉट देतो, त्यावर फोन कसाबसा चालतो. लॅपटॉपला साधारण ६५ वॉट लागतात. टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल, तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा ६५ वॉटचा पीडी चार्जर घ्या. इन्व्हर्टर लावून घरचा चार्जर जोडला तरी चालतं, पण १२ व्होल्टचे आधी २३० करायचे आणि चार्जरनं ते पुन्हा २० वर आणायचे, यात वीज फुकट जाते. वायर पायात येणार नाही अशी क्लिपनं बांधा. लॅपटॉप पडतो तो बऱ्याचदा वायर ओढली गेल्यामुळेच.

स्टँड कितीही पक्कं असो, गाडी पार्क केली की लॅपटॉप काढून बरोबर न्यायचा. चोर हे एक कारण झालं. दुसरं ऊन. अॅपल आपल्या लॅपटॉपसाठी ठेवण्याचं कमाल तापमान ४५ अंश सांगतं. एप्रिलमध्ये बाहेर ३८ असताना काचा बंद केलेल्या गाडीत हा आकडा तुमचा चहा संपायच्या आत मागे पडतो.