सातबारा माझा, मग त्यातले धन कुणाचे?

लातूर जिल्ह्यातला शिरूर अनंतपाळ तालुका घरणी आणि मांजरा या नद्यांच्या परिसरात वसला आहे. पश्चिमेला तेर, म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात या नगराची नोंद पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर अशी आहे. आसपास निलंग्याचे मंदिर, खरोशाची लेणी, औसा आणि उदगीरचे किल्ले. दोन हजार वर्षे माणसे, बैल आणि माल ये-जा करत असलेल्या या टापूत नांगराच्या फाळाला कधी खापर लागते, कधी मणी, कधी हिरवे पडलेले नाणे. त्यात नवल काही नाही. नवे आहे ते मशीन. मेटल डिटेक्टर आता घरपोच मिळतो, आणि ‘सोने दाखवणारे यंत्र’ म्हणून त्याचे व्हिडिओ गावागावांत फिरतात. यंत्राबरोबर गैरसमजही घरात येतात, आणि ते यंत्रापेक्षा महाग पडतात.

‘रान माझं, सातबारा माझा, मग त्यात सापडलेलं कुणाच्या बापाचं?’

हा सर्वांत पक्का गैरसमज. सातबारा जमिनीचा हक्क सांगतो, जमिनीत पुरलेल्या धनाचा नाही. गुप्तधनाला सरकारी भाषेत निखात निधी म्हणतात आणि त्याचा देशातला मूळ कायदा १८७८चा आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू हा निधी ठरतो, आणि तो दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर कळवावा लागतो. रक्कम त्या काळची आहे, पण त्यामुळे आज जवळजवळ काहीच सुटत नाही. सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यायची. काय सापडले, अंदाजे किती किमतीचे आणि नेमके कुठे, हे लिहायचे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची.

याला जोडून १९७२चा पुराणवस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे, मूर्ती, शिलालेख, दागिना, भांडे यांना तो पुराणवस्तू मानतो. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे शेतात सापडलेले नाणे मोडीत किंवा ऑनलाइन गटावर विकणारा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

‘कळवलं की सगळं सरकार नेतं, हाती येतो तो ससेमिरा’

ही भीती मी समजू शकतो. कचेरीच्या चकरा कुणाला चुकल्या आहेत? पण कायद्याचा मजकूर या समजाच्या उलट आहे. खबर मिळाल्यावर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. निधी बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाने हक्क सांगितला नाही, तर तो सापडणाऱ्याचा. मालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. सरकारला तो स्वतःकडे ठेवायचा असेल तर किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन घेण्याची तरतूद आहे.

लपवले तर मात्र उलटे होते. वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जाणूनबुजून साथ देणाऱ्या जमीनमालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत मातीत सापडलेली २१६ सोन्याची नाणी घरात दडवून ठेवली गेली होती. मार्च २०२१मध्ये ती पोलिसांनी जप्त केली. वेळीच एक अर्ज गेला असता तर त्या कुटुंबाची गोष्ट वेगळी लिहिली गेली असती.

आपल्या भागासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडताना दागिने पुरल्याच्या आठवणी मराठवाड्यातल्या अनेक घरांत सांगितल्या जातात. त्या घटनेला अजून शंभर वर्षे झालेली नाहीत, आणि शंभर वर्षांच्या आत पुरलेल्या धनावर पुरणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा दावा १८७८चा कायदा विचारात घेतो. म्हणून पडक्या वाड्यात सापडलेला डबा ‘बेवारस’ आहे असे आपणच ठरवू नये.

‘पाटी नाही, कुंपण नाही, म्हणजे जागा मोकळी’

केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना १९५८चा कायदा लागू आहे, राज्याच्या स्मारकांना १९६०चा महाराष्ट्राचा कायदा. संरक्षण राजपत्रातल्या अधिसूचनेने मिळते. वाऱ्याने पाटी पडली म्हणून ते संपत नाही. केंद्रीय स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम व खोदकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. २०१०च्या दुरुस्तीने शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही इतकी वाढवली. राखीव जंगलातली जमीन फोडणे हा वनकायद्याने वेगळाच गुन्हा आहे.

आणि जिथे कुठलीच अधिसूचना नाही अशा जागांचे काय? मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. गावोगावच्या गढ्या आणि पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणाची ती राखाडी, भुसभुशीत टेकाडे. माळवदावर घालायला आणि शेतात टाकायला पिढ्यान्‌पिढ्या ही माती नेली गेली. त्या मातीत शतकानुशतकांचा संसार थरांनी साचलेला असतो. तिला पाटी कधी लागणारच नाही, तिची राखण गावानेच करायची आहे.

‘मशीन तीस फुटांवरचं सोनं दाखवतं’

दाखवत नाही. डिटेक्टरच्या गोल चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते, धातूत क्षणिक विद्युतप्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहाचा प्रतिसाद यंत्र टिपते. शौकिनांच्या साध्या यंत्राला एखादे नाणे वीतभर खोलीवर कळते. हंड्याएवढी वस्तू त्याहून खोल कळते, पण तेही मीटरभराच्या आसपास. शिवाय आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातल्या लोहखनिजांमुळे यंत्र नाहक कुरकुरते आणि खोली आणखी घटते. सोन्याची ओळखही नक्की नसते. पातळ सोने आणि गोळ्यांच्या पाकिटाचा ॲल्युमिनियमचा कागद यंत्राला सारखेच वाटू शकतात.

दूरवरचे सोने ‘खेचणाऱ्या’ पितळी कांड्या आणि अँटेनावाली यंत्रे यांना तर शास्त्राचा कसलाच आधार नाही. ब्रिटनमधल्या एका व्यापाऱ्याने गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याचे खेळणे बाँबशोधक म्हणून इराकसह अनेक देशांना विकले. त्यात काम करणारा एकही भाग नव्हता. २०१३मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सैन्ये फसली, तिथे कर्जबाजारी शेतकऱ्याला गाठणे भामट्याला किती सोपे असेल!

वाड्यात पहार मारल्यावर पोकळ आवाज आला की तळघराची कुजबुज सुरू होते. मराठवाड्यात ती पोकळी बहुधा पेवाची असते, ज्वारी साठवायच्या खड्ड्याची. बंद पेवात हवा कोंडलेली असते आणि उतरलेला माणूस गुदमरून दगावू शकतो.

अफवा किती लांब नेतात हे मार्च २०२५मध्ये बुऱ्हाणपूरजवळ दिसले. ‘छावा’ चित्रपटानंतर असीरगडाच्या पायथ्याची शेते लोकांनी मुघल नाण्यांच्या आशेने रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन उकरली. त्याआधी २०१३मध्ये उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेडा इथे एका साधूच्या स्वप्नातल्या हजार टन सोन्याची देशभर चर्चा झाली आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले. खापरे आणि बांगड्यांचे तुकडे निघाले, सोने नाही.

‘चार नाणी उचलली तर इतिहासाचं काय बिघडतं?’

इथे जरा थांबू, कारण कायदा कशासाठी आहे हे इथेच कळते.

१९०६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे नाण्यांचा मोठा साठा मिळाला. क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचे राज्य घेतले याचा याहून बोलका पुरावा नाही. पण तो पुरावा एका नाण्यात नव्हता, एकत्र सापडलेल्या साठ्याच्या प्रमाणात होता. गावाने शंभर-शंभर वाटून घेतली असती किंवा सोनाराच्या मुशीत ती गेली असती, तर मागे उरली असती फक्त चांदी.

दुसरे उदाहरण दायमाबादचे, अहिल्यानगर जिल्ह्यातले. १९७४मध्ये झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल गावकऱ्याला धातूच्या चार भव्य वस्तू मिळाल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, एकूण वजन साठ किलोंहून अधिक. वस्तू वितळल्या नाहीत आणि जागा कळली. पुढे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन केले आणि महाराष्ट्राच्या ताम्रपाषाण काळाच्या माहितीत भर पडली. तरीही त्या चार वस्तू उत्तर हडप्पा काळातल्याच का, यावर अभ्यासकांत वाद राहिला. कारण त्या उत्खननाच्या थरातून निघाल्या नव्हत्या. आजूबाजूला कोणते खापर होते, कोणता कोळसा होता, हे आता कोणीच सांगू शकत नाही. प्रामाणिकपणे उघड झालेल्या शोधाची ही स्थिती असेल, तर रात्री कुदळीने उपसलेल्या खड्ड्याचे काय उरत असेल?

सातवाहनांची शिशाची नाणी तर दिसायला इतकी फिकी की उकरणारा ती फेकूनच देतो. सोने शोधणाऱ्याच्या पायाखाली इतिहास असा तुडवला जातो.

‘परदेशात सगळं खुलं आहे’

अर्धे खरे. इंग्लंडमध्ये हा छंद मान्य आहे, पण जमीनमालकाच्या परवानगीनेच, आणि संरक्षित स्मारकावर लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा. कायद्याने निधी ठरणारी वस्तू चौदा दिवसांत कळवावी लागते. इतर साध्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदणीसाठी १९९७पासून तिथे योजना आहे आणि तिच्यात पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. २००९मध्ये स्टॅफर्डशायरचा सुवर्णसाठा कळवणाऱ्याला आणि शेताच्या मालकाला मिळून बत्तीस लाख पौंडांहून अधिक मिळाले. २०१५मध्ये लेम्स्टरजवळ सापडलेला साठा लपवून विकणाऱ्या दोघांना २०१९मध्ये दहा आणि साडेआठ वर्षांच्या शिक्षा झाल्या, आणि सुमारे तीनशे नाण्यांपैकी थोडीच परत मिळाली.

‘पूजा केल्याशिवाय धन वर येत नाही’

याबद्दल मऊ शब्द वापरायची माझी तयारी नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मानवतला १९७२ ते १९७४ दरम्यान गुप्तधनाच्या नादात बायका आणि कोवळ्या मुलींचे बळी गेले. गुप्तधन शोधण्यासाठी अघोरी प्रकार करणे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. असा विधी ठरतो आहे हे कानावर आले तर त्याच दिवशी पोलिसांना कळवा, नातेवाईक असला तरी.

मग डिटेक्टर घेऊच नये का? वखरणीत हरवलेले मंगळसूत्र, मातीत गाडला गेलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, तुटलेला फाळ, यांसाठी तो उत्तम आहे. आपल्या किंवा परवानगी दिलेल्या रानात, वरच्या मातीत वापरा. किल्ला, लेणी, मंदिर, गढी, पांढर आणि राखीव जंगल यांपासून लांब ठेवा.

आणि जुने काही लागलेच, तर हात तिथेच थांबवा. पुढे खणू नका. चिंच-राखेने घासू नका, त्याने अक्षरे जातात. वस्तू जशी आहे तसा फोटो काढा, गट नंबर आणि खोली लिहून ठेवा. तलाठी आणि पोलीस पाटलांना सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नांदेड कार्यालयाला पाठवा आणि अर्जाची शिक्का-तारखेसह पोहोच घ्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या वस्तू आयुष्यभर जपल्या, म्हणून आज तेरला त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आहे. शिरूर अनंतपाळ परिसरातल्या कुणाच्या फडताळात असे एखादे नाणे पडून असेल, तर त्याने तो अर्ज या आठवड्यातच लिहावा.