दोन पडदे

सुरतेत माझा व्यवसाय संकेतस्थळे बांधण्याचा. दिवसभर नजर एका पडद्यावर असते. संध्याकाळी गिटार हाती घेतली की बोटे दुसऱ्याच पडद्यांवर फिरू लागतात. गिटारच्या दांडीवर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना सतारीवरून आपण पडदेच म्हणू. या दोन पडद्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे मला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. तो एका चुकीमुळे कळला, आणि ती चूक माझीच होती.

मुलगी गिटार शिकू लागली तेव्हा तिला तारा जुळवताना आधार व्हावा म्हणून मी एक छोटी आज्ञावली लिहिली. कंपनसंख्या सांगितली की ब्राउझर तो स्वर वाजवतो. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर सेकंदाला ११० कंपने होतात. त्याला सा म्हटले, तर वरचा सा बरोबर दुप्पट, म्हणजे २२०. मध्ये समान अंतराचे बारा अर्धस्वर. तेव्हा ११० ला एका ठराविक संख्येने बारा वेळा गुणले की २२० यायला हवेत. ती संख्या सुमारे १.०६ एवढे मला आठवत होते. तीच घातली, बारा फेऱ्यांचे लूप लावले आणि मोकळा झालो. दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचा वरचा सा चढा लागतोय.”

वाचकांनी गुणाकार करून पाहावा. उत्तर २२१.३ येते. खरी संख्या २ चे बारावे मूळ, म्हणजे १.०५९४६ आणि पुढे न संपणारे अंक. चूक दशांशाच्या चौथ्या स्थळी होती. पण प्रत्येक फेरीने मागच्या फेरीची चूक पदरात घेतली आणि आपली भर घातली. दिवसभर आकड्यांशी झटणाऱ्या माणसाला हे कळले नाही, मुलीच्या कानाला कळले. आता मी प्रत्येक स्वर थेट मूळ सा पासून काढतो.

ही चूक करणारा मी पहिला नव्हे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे वीणेसारखे ल्यूट नावाचे वाद्य वाजवीत. १५८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सोपा नियम दिला: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा आणि तेथे पुढचा पडदा बसवा. पडदे वर जाताना जवळजवळ का येतात तेही यावरून कळते, कारण उरलेली तारच दर वेळी लहान होत जाते. ६५० मिलिमीटरच्या तारेवर बारावा पडदा नेमका मध्ये, ३२५ वर हवा. या नियमाने तो सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. गंमत अशी की बोटाने दाबलेली तार ताणून किंचित चढते, त्यामुळे ही उणीव काही अंशी भरून निघे. आज १८ च्या जागी १७.८१७ ने भागतात.

एवढ्याने स्वर बरोबर झाले असे मी धरून चाललो होतो.

उन्हाळ्यात आम्ही सगळे तापी मार्गाच्या गाडीने अमळनेरला जातो. वाटेत नवापूर लागते. तेथील स्थानकाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. एक बाक तर असे आहे की दोघे जण दोन राज्यांत बसून एकच भजी खाऊ शकतात. (मराठी आणि कानडी शेजारी नांदवणाऱ्या या अंकाच्या वाचकांना त्याचे नवल वाटू नये.) खानदेशच्या कोरड्या उष्म्यात सुरतेहून नेलेल्या गिटारीच्या तारा हमखास उतरतात. त्या जुळवत असता आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आज्ञावलीतला गंधार ऐकला आणि मान हलवली. आप्पा भजनी मंडळात गात आले आहेत. म्हणाले, “हा गंधार नाही रे, त्याच्या शेजारचा आहे.”

ते खरेच होते. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार सा च्या सव्वापट असतो, म्हणजे १३७.५. बाराव्या मुळाने येतो तो १३८.६. ११० चा पाचवा उपस्वर ५५० आणि १३८.६ चा चौथा सुमारे ५५४. दोन्ही स्वर एकदम वाजवले की हे उपस्वर सेकंदाला चार वेळा एकमेकांवर आपटतात. भौतिकीच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. आप्पा त्याला “किरकिर” म्हणतात. पंचमाची तक्रार नाही, तो १६५ ऐवजी १६४.८ येतो. पेटीवरचा जुना आक्षेप निम्मा हाच आहे. उरलेला निम्मा, तिच्यात मींड येत नाही हा. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली.

मग मी आज्ञावलीत दुसरी कळ घातली: शुद्ध प्रमाणांची. आप्पा खूष झाले. मुलीने मात्र त्याच स्वरांत रे ला सा मानून गाणे धरले आणि पंचम बेसूर लागला. त्या रे चा पंचम १८५.६ हवा, माझा शुद्ध धैवत १८३.३ वर बसला होता. सतारीवर पडदा सरकवता येतो, गिटारीवर तो ठोकून बसवलेला. कोणताही स्वर सा मानला तरी चालावे म्हणून गिटारीने प्रत्येक गंधार थोडा थोडा बिघडवून घेतला आहे.

आता दोन्ही कळा ठेवल्या आहेत. आप्पा एक दाबतात, मुलगी दुसरी. तारा मात्र दोघेही माझ्याकडूनच जुळवून घेतात.