भार पेलणारी शोभा

पिशवीची खरी परीक्षा दुकानाच्या खुंटीवर होत नाही. दोन पुस्तके, पाण्याची बाटली, छत्री आणि वाटेत घेतलेली किलोभर फळे आत टाकून ती खांद्याला अडकविली म्हणजेच तिची योग्यता कळते. क्रोशाने विणलेल्या सुती पिशव्यांपैकी पुष्कळ पिशव्या या परीक्षेत थोड्याच आठवड्यांत उघड्या पडतात. पट्टा लांबत लांबत मांडीपर्यंत येतो, तोंड सैल पडते, तळ मध्यभागी लोंबू लागतो, आणि विणताना जिची इतकी हौस वाटली ती वस्तू कपाटाच्या तळाशी रवाना होते. याचा दोष सामान्यतः सुताला दिला जातो. माझ्या मते तो एका समजुतीचा आहे. आणि ती समजूत अशी की, पिशवीच्या अंगावरची उठावाची वीण आणि तिच्यात ओवलेल्या रिबिनी हा केवळ नटवेपणा आहे, तो असला काय आणि नसला काय, वस्तूच्या बळकटीशी त्याचा संबंध नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य याच्या नेमके उलट आहे. उठावाची वीण आणि रिबीन ही योग्य जागी योजली असता तीच भार पेलतात, आणि म्हणूनच ती शोभतात; हे कसे घडते ते पिशवी विणण्याच्या क्रमानेच सांगण्याचा मानस आहे.

क्रोशाचा सारा सरंजाम म्हणजे टोकाशी आकडा असलेली एक सुई आणि एक अखंड दोरा. दोन सुयांवरच्या विणकामात एका वेळी पन्नास-शंभर फासे सुईवर जिवंत असतात आणि त्यांतील एक निसटला तर खालपर्यंतची सारी ओळ उसवत जाते. क्रोशात मात्र प्रत्येक टाका पुरा झाल्यावरच पुढचा आरंभला जातो आणि सुईवर एकच फासा शिल्लक राहतो. यामुळे विणणाऱ्याच्या हाताला विलक्षण स्वातंत्र्य मिळते. तो हवे तेव्हा दिशा बदलू शकतो, एकाच छिद्रात पाच टाके घालू शकतो, किंवा मागच्या ओळीतील टाक्याच्या माथ्यात सुई न घालता त्याच्या अंगाभोवती ती फिरवू शकतो. आणि विणीला जो उठाव येतो तो सर्व याच स्वातंत्र्यातून येतो.

या कलेचा लेखी इतिहास फार प्राचीन नाही. क्रोशाचे छापील नमुने प्रथम आढळतात ते ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात, १८२३ साली. पुढे १८४५ पासून बटाट्याच्या रोगाने आयर्लंडात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा मोनाहन परगण्यातील क्लोन्स या गावी तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसॅन्ड्रा हँड हिने १८४७ मध्ये गरीब स्त्रियांना क्रोशाचे काम शिकविण्याची तजवीज केली, आणि अनेक कुटुंबांच्या पोटाला त्या एका सुईने आधार दिला. त्याच शतकात मिशनऱ्यांच्या द्वारे ही विद्या आंध्रातील गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर परिसरात रुजली. गोव्यातील ख्रिस्ती घरांत आणि महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतही क्रोशाचे रुमाल, दाराची तोरणे, मेजावरची आच्छादने यांना दीर्घकाळ मानाचे स्थान होते. हे सर्व जिन्नस पडून राहणारे किंवा टांगून राहणारे होत. त्यांच्यावर कसला भार येत नसे. शोभा आणि उपयोग यांची फारकत झाली ती बहुधा येथेच. पिशवी विणायला घेतली की ती फारकत चालत नाही.

प्रथम सुताचा विचार करू. लोकरीच्या तंतूला निसर्गतःच वळसे असतात, त्यामुळे तो ताणला असता पुन्हा आखडतो. कापसाच्या तंतूला असा स्प्रिंगसारखा गुण नाही, आणि विणलेले सुती कापड एकदा ओढले गेले की बव्हंशी तसेच राहते. याच्या मोबदल्यात सूत मजबूत असते, ओले झाल्यावर तर अधिकच मजबूत होते, घामाने किंवा उन्हाने चिकट होत नाही, आणि त्यात टाक्याची रेषा स्वच्छ उठून दिसते. ही रेषा आणखी स्पष्ट हवी असेल तर मर्सराइज्ड सूत घ्यावे. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ मध्ये असे पाहिले की, कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात सुती तंतू फुगतो, बळकट होतो आणि रंग अधिक धरतो. शतक संपता संपता होरेस लो याने तीच क्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा त्याला रेशमासारखी चकाकी आली. चपटा आणि पिळलेला तंतू फुगून गोलसर होतो व प्रकाश सारखा परतवितो, एवढेच त्या चकाकीचे रहस्य. खांद्यावरच्या पिशवीसाठी मध्यम जाडीचे असे सूत साडेतीनशे ते चारशे ग्रॅम आणि चार मिलिमीटरची सुई पुरेशी होते. आरंभी पंधरा सेंटिमीटरची एक चौकट विणून, ती धुऊन, वाळवून मगच मोजावी. कारण सूत पहिल्या धुण्यात आटते, आणि हिशेब आटलेल्या मापावरच मुकरर करावयाचा असतो.

विणीला आरंभ तळापासून करावा. मुका खांब हा क्रोशातील अतिशय आखूड आणि घट्ट टाका : सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यावयाचा आणि सुईवरील दोन्ही फाशांतून एकदमच बाहेर काढावयाचा. बेचाळीस साखळ्यांची ओळ घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घ्यावा. एका बाजूने शेवटापर्यंत जावे, शेवटच्या साखळीत तीन टाके घालून वळावे आणि त्याच साखळ्यांच्या दुसऱ्या अंगाने परत येऊन आरंभीच्या साखळीतही तीन टाके पुरे करावेत. पहिल्या फेरीत असे चौऱ्याऐंशी टाके होतात. पुढच्या सहा फेऱ्यांत दोन्ही टोकांना तीन-तीन टाके वाढवीत गेले की एकशेवीस टाक्यांचा, सुमारे तीस सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद, लंबवर्तुळाकार तळ सिद्ध होतो. दोन तुकडे शिवून केलेल्या पिशवीत जी शिवण सर्वांत आधी उसवते ती येथे मुळातच नसते. सर्व टाके मुके ठेवण्याचे कारणही उघड आहे : तळाला छिद्रे चालत नाहीत.

तळ झाल्यावर वाढ बंद करून भिंती उभ्या कराव्यात, आणि येथे उठावाच्या विणीचे खरे काम सुरू होते. साध्या खांबात सुईवर एक वेढा घेऊन सुई टाक्यात घालतात, दोरा ओढतात आणि मग दोन-दोन फासे करून ते दोनदा सोडवितात. असा खांब उंच असतो, काम झरझर सरते, परंतु दोन खांबांमधील फट रुंद राहते आणि वजन पडताच ती आणखी रुंदावते. हाच खांब जर मागच्या फेरीतील खांबाच्या माथ्यात न घालता त्याच्या अंगाला समोरून कवटाळून घातला, तर तो पुढे उठून येतो; मागून कवटाळला तर आत दबतो. चार टाके पुढचे आणि चार मागचे असा क्रम ठेवून दर दोन-तीन फेऱ्यांनी तो उलटविला की बुरुडाने विणलेल्या टोपलीसारखी जाड, गुबगुबीत वीण तयार होते. एकशेवीस हा आकडा आठाने निःशेष भागला जातो, म्हणून फेरीच्या सांध्याशी नमुना तुटत नाही. पाहणाऱ्याला या विणीत उजेड-सावलीचा पट दिसतो. वस्तुतः तेथे सुताचे दोन थर एकमेकांवर बसलेले असतात, फटी झाकल्या गेलेल्या असतात, आणि उभे खांब एकमेकांत अडकल्यामुळे ताण एका टाक्यावर न राहता पुष्कळ टाक्यांत वाटला जातो.

या पट्ट्यांच्या मधून एखादी फेरी दाण्यांची घालावी. एकाच टाक्यात पाच खांब घालून, सुई काढून, ती पहिल्या खांबाच्या माथ्यातून घालावी आणि सुटलेला फासा त्यातून ओढून घ्यावा. पाचही खांब एकत्र आवळले जाऊन मक्याच्या लाहीसारखा दाणा वर येतो. दर चौथ्या टाक्यावर असा एक दाणा घातला तर फेरीत तीस दाणे बसतात. हे दाणे सूत पुष्कळ खातात आणि पिशवीचे वजन वाढवितात, त्यामुळे त्यांची संख्या मर्यादित ठेवणेच इष्ट. सर्वांगावर दाणे पेरलेली पिशवी रिकामी असतानाच खांदा ओढू लागते. दाण्यांच्या खाली-वर मुक्या खांबाची एकेक फेरी घ्यावी, म्हणजे ते जागच्या जागी बसतात. एका दिशेने गोल विणलेले मुके खांब थोडे थोडे उजवीकडे कलत जातात, म्हणून अशा सलग फेऱ्या अनेक असतील तर प्रत्येक फेरीनंतर काम उलटवून घ्यावे. एरवी बाजूच्या कडा तिरप्या होतात.

भिंत सुमारे तीस सेंटिमीटर उंच झाली की रिबिनीचा प्रश्न येतो. शाळकरी मुलींच्या वेण्यांत जी चकचकीत रिबीन आपण पाहिली आहे ती मऊ, निसरडी आणि कडेला विसविशीत असते. तिचा बो सुंदर बसतो, परंतु भाराच्या कामी ती निरुपयोगी ठरते. ग्रोसग्रेन या नावाने बाजारात मिळणारी, अंगावर आडव्या बारीक धारा उठलेली जाड रिबीन पिशवीला योग्य होय. ती लांबीच्या दिशेने जवळजवळ ताणत नाही, आणि सुताला नेमका याच गुणाचा तुटवडा असतो. पिशवीच्या तोंडाजवळ एक जाळीची फेरी विणावी : एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा खांब. साठ खांब आणि साठ झरोके असलेल्या या फेरीतून एक सेंटिमीटर रुंदीची रिबीन दोन खांबांवरून आणि दोन खांबांखालून ओवीत न्यावी, पिशवीचे तोंड हवे त्या मापाचे करून तिची टोके आतल्या बाजूस एकमेकांवर ठेवून शिवून टाकावीत. झाले! सूत कितीही सैल पडो, तोंडाचा घेर आता रिबिनीच्या मापापलीकडे जाणार नाही. अशीच दुसरी रिबीन तळाच्या लगत वर घातली तर तळाचा आकारही बांधला जातो. ओवण्यापूर्वी रिबीन एकदा धुऊन घ्यावी, नाही तर तिचा रंग फिकट सुतावर उतरतो. पॉलिएस्टरची असल्यास कापलेले टोक ज्योतीजवळ क्षणभर धरून कड बांधून घ्यावी, सुती असल्यास मात्र दुमडून शिवावी.

पिशवीतील सर्व वजन अखेर पट्ट्यावर येते, आणि बहुतेक पिशव्या बिघडतात त्या तेथेच. आखूड आखूड आडव्या ओळींनी विणलेला पट्टा सर्वांत अधिक लांबतो. त्याऐवजी पट्ट्याच्या लांबीएवढी साखळी घालून मुक्या खांबाच्या पाच-सहा ओळी लांबीच्या दिशेने विणाव्यात आणि पट्ट्याच्या आतल्या अंगाला रुंद ग्रोसग्रेन रिबीन दोन्ही कडांनी बारीक टाक्यांत शिवून घ्यावी. रिबीन पट्ट्यापेक्षा किंचित आखूड ठेवावी, म्हणजे भार प्रथम तिच्यावर येतो आणि वरचे सूत केवळ खांद्याला मऊपणा देते. रिबिनीची टोके पिशवीच्या आत तीन-चार बोटे खाली उतरवून अस्तरासह शिवली तर पट्टा उपटून येण्याची तक्रार सहसा राहत नाही. अस्तरासाठी मांजरपाट उत्तम. तो पिशवीच्या आतील मापापेक्षा थोडा आखूड बेतावा, त्यामुळे नाणी, किल्ल्या आणि पुस्तकांचे कोपरे विणीला स्पर्शच करीत नाहीत. पिशवी थंड पाण्यात धुवावी आणि सावलीत सपाट पसरून वाळवावी. ओली टांगली तर पाण्याच्या स्वतःच्या वजनानेच ती लांबते.

येथवर जे सांगितले त्यात कौशल्यापेक्षा धीराचा भाग मोठा आहे, आणि या धीराचे मोल काय हा प्रश्न टाळता येत नाही. क्रोशाचा खरा टाका घालून व्यापारी माल काढणारे यंत्र अद्याप प्रचारात नाही. यंत्रावर होते ते क्रोशासारखे दिसणारे दुसऱ्या जातीचे कापड. अर्थात बाजारात अस्सल क्रोशाची पिशवी अतिशय स्वस्त मिळत असेल, तर ती स्वस्ताई कोणाच्या तरी हाताच्या मजुरीतून वजा झालेली असते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञेने नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ‘द लेसमेकर्स ऑफ नरसापूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी रवाना होणारा माल तयार करणाऱ्या या स्त्रियांना कामगार न मानता, फावल्या वेळात घरी काही विणीत बसलेल्या गृहिणी असे मानले गेले आणि त्या मानण्याच्या आधारेच त्यांची मजुरी तुटपुंजी ठेवली गेली, असे तिने त्यात दाखविले. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि नावाला मिळालेल्या या संरक्षणाबरोबर मजुरीचाही बंदोबस्त व्हावयास हवा.

विणीचा उठाव अनावश्यक मानणारी दृष्टी आणि विणणारीचे श्रम फावल्या वेळाचे मानणारी दृष्टी या दोन वेगळ्या नाहीत. शोभा ही वस्तूच्या कामाला वरून चिकटविलेली गोष्ट आहे असे एकदा धरले, की शोभा निर्माण करणाऱ्या हाताचे कामही आपोआप जमाखर्चाबाहेर जाते. म्हणून जी स्वतः विणणार आहे तिने प्रत्येक दाणा आणि प्रत्येक रिबीन घालण्यापूर्वी ती कोणता भार उचलणार आहे हे ठरवावे आणि ज्याला काम नेमून देता येत नाही ते गाळावे. जो विकत घेणार आहे त्याने पिशवी आतून उलटी करून पाहावी : पट्ट्यामागे रिबीन शिवली आहे का, तोंडाचा घेर बांधला आहे का, तळ अखंड आहे का, अस्तर भार घेते का. ही चारही उत्तरे होकारार्थी आली तर ती विणणारीने विचार करून केलेली वस्तू आहे असे समजावे, आणि सांगितलेली किंमत घासाघीस न करता मोजावी.