‘पाहिजेत’ची पाटी लागण्यापूर्वी

आमच्या सांगलीतल्या शेजारच्या वहिनींची ही गोष्ट. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांचे हृदयाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण फिरतीचे काम सुटले, टेबलाचे काम मिळाले आणि हातात येणारे पैसे निम्म्यावर आले. मुलगी बारावीला, मुलगा नववीत. वहिनी बी. कॉम. झालेल्या, पण लग्नानंतर पंधरा वर्षे नोकरीचा उंबरठा पाहिलेला नाही.

चार महिने त्यांनी पेपरातल्या ‘पाहिजेत’ सदरावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. सात अर्ज पाठवले. उत्तर आले ते एकाच ठिकाणाहून, आणि तेही ‘आधी दोन हजार रुपये अनामत भरा’ असे! एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसून त्या म्हणाल्या, "अहो, या गावात आमच्यासारखीला काम नाहीच का?"

काम होते. पण ते पेपरात नव्हते.

मैत्रिणींनो, जरा मालकाच्या बाजूने विचार करून पाहा. औषधांच्या होलसेल दुकानात बिले करणारी मुलगी लग्न होऊन जायची आहे. मालक जाहिरात देतो का? छे! जाहिरात दिली की दिवसभर फोन, आणि त्यातून माणूस पारखायचा तो कसा? त्यापेक्षा तो दुकानातल्याच कुणाला तरी विचारतो, "तुझ्या माहितीत आहे का रे कुणी?" आठ दिवसांत जागा भरलीसुद्धा! रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने घातले, पण खाजगी धंद्यात त्या कायद्यात ते २५ किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्यांवरच होते. आपल्या गावातली किती दुकाने, दवाखाने एवढी मोठी असतात?

हे आपल्याकडेच असे आहे, असेही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या २८२ नोकरदारांना ‘तुम्हाला नोकरी कशी मिळाली?’ असे विचारले. १९७४ साली त्यावर त्याचे पुस्तक निघाले. निम्म्याहून अधिक लोकांना ती ओळखीतून मिळाली होती. जाहिरातीसारख्या रीतसर मार्गाने मिळालेले पाचात एकही नव्हते. आणि जवळजवळ तेवढेच लोक कुणीही न बोलावता थेट जाऊन लागले होते. ते सगळे पुरुष होते, तेही बहुतेक शिकलेले आणि हुद्द्यावरचे; पण त्यातली एक गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे. नोकरीची बातमी बहुधा अगदी जवळच्या माणसाने दिलेली नव्हती; ती दिली होती कधीमधी भेटणाऱ्याने. म्हणजे बहिणीला सांगून थांबू नका. शिंपीणबाईंना, मुलाच्या क्लासच्या बाईंना, मेडिकलवाल्यालाही कळू द्या.

पण खरी अडचण असते ती मनाची. वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरातल्या बायका काम मागत दारोदार फिरल्या नाहीत हो!" आणि वहिनींच्याही मनात तेच होते.

मी त्यांना एवढेच म्हटले, "‘काही काम असेल तर द्या’ हे झालं मागणं. ‘तुमची खरेदी-विक्रीची बिलं मी नोंदवून देईन’ हे झालं सांगणं. भाजीवाली दारावर येऊन मेथी आहे म्हणून सांगते, तिला आपण भिकारीण म्हणतो का?"

मग आम्ही दोघी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आधी ‘मला काय येते’ याची यादी. बचतगटाचा हिशेब त्या सहा वर्षे लिहीत होत्या आणि ते ‘काम’ आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हते! दोन महिने क्लासला जाऊन त्यांनी टॅली शिकून घेतले. मग घरापासून चालत किंवा सिटी बसने जाता येईल अशा नऊ जागा काढल्या आणि प्रत्येक ठिकाणी निर्णय कोण घेतो त्याचे नाव आधी विचारून ठेवले. नाही तर काउंटरवरचा पोऱ्याच ‘जागा नाही’ म्हणून वाटेला लावतो.

वेळही पाहावी लागते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना अडत दुकानात गेलात तर तुमच्याकडे मान वर करून कोण बघणार? दुपारी गर्दी ओसरल्यावर जावे. जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी महिन्याची ११ आणि २० तारीख महत्त्वाची. त्याच्या आदल्या दोन दिवशी कर सल्लागाराच्या कचेरीत पाऊल टाकू नये. मात्र जुलैची धांदल येणार म्हणून मे महिन्यात जरूर जावे. शाळांत एप्रिल-मे, कापडदुकानांत दसऱ्याआधी महिनाभर.

बरोबर एकच पानाचा, स्वच्छ अक्षरातला अर्ज न्यावा. वहिनींचा असा होता:

‘मी बी. कॉम. आहे. टॅली येते. बचतगटाचे हिशेब सहा वर्षे लिहीत आहे. बिले नोंदवणे, बँकेच्या पासबुकाशी मेळ घालणे, उधारीची यादी ठेवणे ही कामे करू शकेन. ११ ते ५ या वेळात येऊ शकते. सध्या जागा नसल्यास पुढे गरज पडेल तेव्हा कळवावे, ही विनंती.’

खाली नाव आणि फोन नंबर. पंधरा वर्षे घरी का होते, याची कैफियत नाही. घरच्या अडचणींचा पाढाही नाही. दया येऊन दिलेली नोकरी फार दिवस टिकत नाही.

नऊपैकी पाच ठिकाणी सरळ नकार मिळाला. तिघे म्हणाले, ‘बघू.’ एका अडत दुकानाचे मालक मात्र म्हणाले, "जागा नाही, पण कागद ठेवून जा," आणि त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. पहिल्या दोन नकारांनंतर वहिनी घरी येऊन रडल्या, हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडल्या.

दीड महिन्यानंतर फोन वाजला. अडत दुकानाच्या म्हाताऱ्या दिवाणजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले होते, आणि ऐन हळदीच्या मोसमात! "महिनाभर याल का?" महिनाभराचे आता दीड वर्ष झाले आहे.

काही गोष्टी मात्र पदराला गाठ मारून ठेवा. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या कायम जागांना हा मार्ग लागू नाही. तिथे रीतसर जाहिरात निघून निवड व्हावी लागते. उमादेवी खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले. ‘आतून लावून देतो’ म्हणणारा भेटला तर चार पावले मागे सरा. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला नमस्कार करावा. मूळ प्रमाणपत्रे देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. पगार, वेळ आणि सुट्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्या. २० किंवा अधिक माणसे कामाला असतील तर प्रॉव्हिडंट फंडाचे विचारा. १० किंवा अधिक असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांच्या तक्रारींसाठी समिती हवी. ती आहे का, हेही विचारायला लाजू नका. आणि पहिल्या भेटीला जाताना कुठे जातो आहोत ते घरी सांगून जा.

वहिनींचा पगार काही फार नाही. मुलीची फी आणि यजमानांची औषधे त्यातून निघतात. पण परवा मी त्यांच्याकडे गेले तर साडेदहाला सासूबाईच ओट्याशी उभ्या. मला बघून जरा ओशाळल्या आणि मग आत वळून म्हणाल्या, "अगं, डबा घेतलास का? आज सौद्यांचा दिवस ना तुझा!"