मिसिसिपीतील मताधिकाराचा लढा : 1870 ते 1968

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंधराव्या दुरुस्तीने 1870 साली वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य या कारणांवरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली असली, तरी दक्षिणेकडील राज्यांत हा अधिकार प्रत्यक्षात यायला जवळजवळ शतक लागले. दास्यमुक्तीच्या ज्या कार्याबद्दल जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, ते कार्य मिसिसिपी राज्याने 1890 च्या नव्या संविधानाने बरेचसे निष्फळ करून टाकले. मतदारासाठी डोईपट्टी, म्हणजे दरडोई कर, भरण्याची आणि संविधानातील कलम वाचण्याची किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची अट त्यात होती. या अटींत वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता, पण अर्थ बरोबर की चूक हे ठरवणे सर्वस्वी नोंदणी अधिकाऱ्याच्या हाती होते.

ही अट किती क्रूर होती, हे फॅनी लू हेमर यांच्या अनुभवावरून कळते. कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या हेमर ऑगस्ट 1962 मध्ये इंडियानोला गावच्या न्यायालयात नाव नोंदवायला गेल्या, परीक्षेत त्यांना नापास ठरवण्यात आले आणि अर्ज मागे घेण्यास नकार दिल्यामुळे अठरा वर्षे काम केलेला मळा त्यांना सोडावा लागला.

राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाची दारेही कृष्णवर्णीयांना बंद असल्याने नागरी हक्क चळवळीने 1964 साली ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ हा समांतर पक्ष उभारला आणि अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनात राज्याच्या अधिकृत प्रतिनिधित्वावर दावा सांगितला. या दाव्याच्या सुनावणीतील हेमर यांची साक्ष दूरचित्रवाणीवरून सुरू असतानाच अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तातडीची पत्रकार परिषद बोलावून प्रक्षेपण आपल्याकडे वळवले. पुढे तडजोड म्हणून देऊ केलेल्या अवघ्या दोन जागा प्रतिनिधींनी नाकारल्या. हा नकार अव्यवहार्य होता, असे तेव्हा अनेक हितचिंतकांनाही वाटले. परंतु आपले प्रतिनिधी कोण हे इतरांनी ठरवू नये, हाच मूळ लढा असल्याने तो सर्वथा योग्य होता.

1965 च्या मताधिकार कायद्याने अशा परीक्षा स्थगित केल्या आणि नोंदणीसाठी केंद्रीय अधिकारी पाठवण्याची तरतूद केली. मिसिसिपीत 1964 साली सुमारे सात टक्के असलेली कृष्णवर्णीय प्रौढांची मतदार नोंदणी कायद्यानंतर दोन-तीन वर्षांतच साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. त्याचे श्रेय बहुधा जॉन्सन यांना दिले जाते, मात्र नोकरी आणि घर गमावूनही न्यायालयाच्या पायऱ्या पुन्हापुन्हा चढणाऱ्यांचा वाटा त्याहून मोठा होता. 1968 साली शिकागोच्या अधिवेशनात राज्याच्या जुन्या गोऱ्या प्रतिनिधिमंडळाला डावलून मिश्र मंडळाला मान्यता मिळाली, आणि त्यात हेमरही होत्या.